रात्री दोन वाजताचं मीटर

फाईलवर विषय एका ओळीत लिहिलेला होता : 'जुने वातानुकूलन संयंत्र बदलून नवीन बसविणेबाबत.' सात मजली सरकारी इमारत, बावीस वर्षांचं संयंत्र, आणि विद्युत शाखेत रुजू होऊन जेमतेम सहा महिने झालेली मी. काम सरळ वाटलं. जुन्या यंत्राच्या पाटीवरची क्षमता उतरवून घ्यायची, तेवढ्याच क्षमतेच्या नव्या यंत्राचे दर मागवायचे, तुलनात्मक तक्ता करायचा, सगळ्यांत कमी दर पहिल्या ओळीत, खाली सही. चार दिवसांत फाईल वर गेली. पाचव्या दिवशी परत आली. समासात साहेबांचा शेरा होता : 'घ्यायला किती ते कळले. चालवायला किती?'

मला राग आला होता, खरं सांगायचं तर. चालवायला किती हे मला कोणी विचारलंच नव्हतं, आणि ते कुठे लिहून ठेवलेलं असतं हेही मला माहीत नव्हतं. यंत्र घेतो आम्ही. विजेचं बिल भरते लेखा शाखा. यंत्र चालवतो देखभालीचा कंत्राटदार. तिघांची दप्तरं वेगळी, लेखाशीर्षं वेगळी, आणि तिघांपैकी कोणीही दुसऱ्याचा कागद उघडून बघितलेला नव्हता. स्वस्त यंत्र घेतलं की आमच्या शाखेची शाबासकी, आणि त्यापायी पुढची वीस वर्षं बिल वाढलं तर ते लेखा शाखेच्या नशिबी.

मग मी लेखा शाखेत गेले आणि गेल्या तीन वर्षांची बिलं मागितली. छत्तीसपैकी तेहतीस मिळाली. बिल भरायच्या रकमेपलीकडे ती कोणी वाचली नव्हती, कारण चौदा महिने पॉवर फॅक्टरचा, म्हणजे घेतलेल्या विजेचा पुरता उपयोग न झाल्याचा, दंड लागत होता आणि तो इमानेइतबारे भरला जात होता. तो पॉवर फॅक्टर सुधारणाऱ्या कपॅसिटर पॅनेलचे दोन फ्यूज उडालेले होते. एवढंच. पुढची दोन वर्षं मी कुठल्याही शंकेखोर माणसाला आधी हा किस्सा सांगायचे.

बिलांवरून वार्षिक युनिटं कळली, पण ती जास्त की कमी हे ठरवायला क्षेत्रफळाने भागावं लागतं. दर चौरस मीटरला वर्षाला किती युनिट, हा आकडा म्हणजे इमारतीचा ताप मोजण्यासारखा आहे. आजार कोणता ते सांगत नाही, आजार आहे एवढं सांगतो. आता क्षेत्रफळ. मूळ नकाशात एक होतं, मालमत्ता नोंदवहीत दुसरं, आणि सफाईच्या कंत्राटात तिसरं, अर्थातच सगळ्यांत मोठं. मधल्या काळात गच्च्या बंदिस्त करून खोल्या काढल्या होत्या, एक पार्किंगचा कोपरा अभिलेखागार झाला होता. शेवटी टेप घेऊन मोजलं. पाच दिवस गेले. त्या पाच दिवसांत इमारतीबद्दल जेवढं कळलं तेवढं कुठल्याच नकाशातून कळलं नसतं. कुठल्या खिडकीला पुठ्ठा लावलाय, कुठल्या टेबलाखाली खासगी हीटर आहे, कोणत्या खोलीत माणसं जूनमध्येही स्वेटर घालून बसतात.

खरी गंमत पुढे झाली. मुख्य पॅनेलवर आम्ही लॉगर, म्हणजे विजेचा भार आपोआप नोंदवत राहणारं उपकरण, लावला. तिन्ही फेजना क्लॅम्प, दर पंधरा मिनिटांनी एक नोंद, दोन आठवडे. मला वाटलेलं, दिवसा डोंगर आणि रात्री सपाट मैदान दिसेल. डोंगर होता. पण रात्री रेषा मैदानात उतरलीच नाही, डोंगराच्या एक तृतीयांश उंचीवर अडकून राहिली. रविवारी तीच. सुट्टीच्या दिवशी तीच.

एक तृतीयांश ऐकायला फार वाटत नाही. पण आठवड्यात १६८ तास असतात आणि कार्यालय पाच दिवस, रोज नऊ तास धरलं तर ४५ तास. उरले १२३. दिवसाचा भार एक धरला तर कामाच्या वेळेतली वीज ४५, आणि इमारत रिकामी असतानाची वीज १२३ चा तिसरा हिस्सा, म्हणजे ४१. जवळजवळ निम्मी वीज कोणीच नसताना जळत होती. मी हा हिशोब तीनदा केला, कारण मला तो साहेबांपुढे ठेवायचा होता आणि चूक निघाली असती तर तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

साहेबांनी आलेख पाहिला आणि म्हणाले, "रात्री जाऊन बघा." मी म्हटलं, "काय बघू?" ते म्हणाले, "तेच बघा."

रात्री दोनला मी आणि आमचे वायरमन मामा तळघरापासून वर निघालो. मामा इमारत उभी राहिली तेव्हापासून तिथे. त्यांच्या हातची प्रत्येक जोडणी लाल टेपने गुंडाळलेली असायची, टोकाला अर्धा वेढा उलटा मारलेला. ती त्यांची सहीच. नकाशात नसलेल्या वायरी आम्ही त्या टेपवरून ओळखायचो.

तळघरात पाण्याचा प्रेशर पंप दर चार मिनिटांनी चालू होत होता. इमारतीत माणूस नाही, नळ बंद, मग पाणी चाललंय कुठे? दुसऱ्या आणि पाचव्या मजल्यावरच्या फ्लशच्या टाक्या सतत झिरपत होत्या. वॉशर बदलण्याचं काम. पण ते नळजोडणीवाल्यांचं, विद्युत शाखेचं नाही, त्यामुळे पंप दोनदा बदलला होता आणि वॉशर एकदाही नाही.

तिसऱ्या मजल्यावरच्या मोठ्या दालनात अठ्ठेचाळीस दिवे एका बटणावर. एका पहारेकऱ्याला उजेड हवा म्हणून सगळे चालू. बटणं वेगळी करायला वायरिंग बदलावं लागणार होतं, आणि वीस वर्षांपूर्वी ते वायरिंग करताना काही मीटर तार वाचवली गेली होती. सर्व्हरच्या खोलीत १६ अंश. का, तर 'मशीनला थंड लागतं.' सर्व्हरच्या तोंडाशी येणारी हवा १८ ते २७ अंश चालते, ही ॲशरे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेची शिफारस मी नंतर छापून त्या दारावर चिकटवली.

चौथ्या मजल्यावर बाहेरची ताजी हवा आत ओढणारा मोठा पंखा धडाडून चालला होता. त्याला टायमर होता. मी टायमरचं झाकण काढलं तर आत दोन टोकं थेट जोडलेली, वर लाल टेप.

"मामा, हे काय?"

"मीच जोडलंय, मॅडम. लाईट जाऊन आली की ह्याचं घड्याळ मागं पडायचं. सकाळी अकरा वाजले तरी पंखा सुरू नाही. वरून फोन खाली, खालून फोन मला. महिनाभर ऐकून घेतलं आणि मग वायर टाकली. त्यानंतर एक फोन नाही."

किती वर्षं झाली, विचारलं. सात, म्हणाले. मामांवर रागावण्यात अर्थ नव्हता. त्यांच्याकडे तक्रार यायची ती गरम होतंय म्हणून. वीज वाया जातेय अशी तक्रार सात वर्षांत एकदाही आली नव्हती. बॅटरी बॅकअप असलेला टायमर घ्यायचा प्रस्तावही त्यांनी तोंडी सांगितला होता. तोंडी सांगितलेल्याचा आवक क्रमांक नसतो.

त्या रात्री आणखी बरंच सापडलं. दोन ट्रान्सफॉर्मर अर्ध्याहून कमी भारावर समांतर चालू होते आणि दोघांचाही, भार नसला तरी होणारा, लोखंडातला व्यय चोवीस तास चालला होता. एका थर्मोस्टॅटच्या खाली झेरॉक्सचं यंत्र आणून ठेवलेलं होतं, त्यामुळे सगळा मजला गार झाला तरी थर्मोस्टॅट बिचारा गरमच. स्वेटर घालून बसणारी माणसं ती हीच.

यातलं बहुतेक दोन महिन्यांत, देखभालीच्या नेहमीच्या पैशातच दुरुस्त झालं. टायमर, वॉशर, थर्मोस्टॅटची जागा, फ्यूज. पुन्हा लॉगर लावला तेव्हा रात्रीची रेषा निम्म्याने खाली आली होती. नवीन संयंत्राची फाईल तोवर माझ्या टेबलावर तशीच, आणि एक गोष्ट आपल्याला उशिरा कळली असं मला वाटू लागलं होतं : यंत्र किती मोठं हवं हे विचारण्याआधी भार किती हवा हे विचारायचं असतं.

जुन्या यंत्राची क्षमता मी पाटीवरून उतरवली होती. ती ज्याने ठरवली त्यानेही बहुधा कशावरून तरी उतरवलीच असावी. आता भार नव्याने मोजायला घेतला. दिव्यांपासून सुरुवात केली, कारण दिव्याची वीज दोनदा मोजावी लागते. दिव्यात गेलेला प्रत्येक वॅट शेवटी खोलीत उष्णता होऊन उतरतो आणि ती बाहेर काढायला वातानुकूलनाला पुन्हा वीज लागते. यंत्राचा सीओपी, म्हणजे एका वॅट विजेमागे ते किती वॅट उष्णता बाहेर काढतं तो आकडा, ३ असेल तर दिव्याच्या दर तीन वॅटमागे आणखी एक वॅट. ३६ वॅटची नळी तांब्याच्या चोकसकट पंचेचाळीसच्या आसपास घ्यायची, एलईडीची नळी अठरा-वीसमध्ये तेवढंच काम करते. मग छत. सातव्या मजल्यावर दुपारी स्लॅबला खालून हात लावला तर चटका बसायचा. छतावर इन्सुलेशन आणि वर पांढरा परावर्तक थर घेतला. पश्चिमेच्या काचांना बाहेरून सावली. आतून पडदे होतेच, पण ऊन काच ओलांडून आत आलं की पडदा ते अडवून खोलीतच ठेवतो. अडवायचं तर बाहेर. हे सगळं धरून जो भार निघाला तो पाटीवरच्या क्षमतेच्या दोन तृतीयांशाला पोचत होता.

म्हणजे मी चार दिवसांत जी फाईल वर पाठवली होती, तिच्यात दीडपट मोठं यंत्र होतं. कमीत कमी दरात.

यंत्राची कार्यक्षमता कोणत्या भाराला बघायची, हाही प्रश्न होता. विक्रेते पूर्ण भाराचा आकडा पुढे करतात. पण इमारत वर्षातले मोजके तासच पूर्ण भारावर असते. चिलरसाठी, म्हणजे वातानुकूलनाचं पाणी गार करणाऱ्या यंत्रासाठी, अंशभाराची जी सरासरी काढतात, एएचआरआय या अमेरिकी उत्पादक संघटनेच्या मानकातली आयपीएलव्ही, तिच्यात पूर्ण भाराला वजन आहे फक्त १ टक्का. ७५ टक्के भाराला ४२, निम्म्या भाराला ४५ आणि पाव भाराला १२. हे वाचलं तेव्हा मी दरपत्रकं पुन्हा उघडली. पूर्ण भारावर पहिलं आलेलं यंत्र अंशभारावर तिसरं होतं.

आता जीवनचक्र खर्च. शब्द जड आहे, काम संयमाचं आहे. यंत्र घेण्याचा खर्च, बसवण्याचा, विजेचा, पाण्याचा, देखभालीचा, मधेच सुटे भाग बदलण्याचा, आणि शेवटी मोडीत निघाल्यावर काही मिळणार असेल तर ते वजा. हे सगळं ठरलेल्या कालावधीवर मांडायचं आणि पुढच्या प्रत्येक वर्षाचा पैसा आजच्या किमतीत आणायचा, कारण दहा वर्षांनंतर वाचणारा पैसा आजच्या पैशाइतका मोलाचा नसतो. इमारतींसाठी याची रीत आयएसओ १५६८६ या मानकाच्या पाचव्या भागात दिलेली आहे. तो २००८ मध्ये आला आणि २०१७ मध्ये सुधारला गेला. मी कालावधी वीस वर्षांचा घेतला.

समजायला सोपे आकडे घेऊन सांगते. पहिलं यंत्र १०० भागांना मिळतं आणि वर्षाला ६० भागांची वीज घेतं. दुसरं १३० ला, वीज ४८. तिसरं १६० ला, वीज ४४. पहिल्याऐवजी दुसरं घेतलं तर जास्तीचे ३० भाग आज जातात आणि दरवर्षी १२ वाचतात. वीस वर्षं दरवर्षी वाचणाऱ्या एका भागाची आजची किंमत, पुढचा पैसा आजच्या किमतीत आणायचा दर ८ टक्के धरला तर, ९.८२ होते. बाराला त्याने गुणलं की जवळपास ११८. तिसासमोर ११८. दर १२ टक्के धरला तरी ९० होतात. इथे वाद घालायला जागाच नाही. आता दुसऱ्याऐवजी तिसरं. पुन्हा ३० भाग जास्त, पण वाचतात फक्त ४. आठ टक्क्यांनी त्यांची किंमत ३९, म्हणजे घ्यावं. बारा टक्क्यांनी २९.९, म्हणजे घेऊ नये. सगळा निर्णय त्या दरावर लटकलाय. माझ्या खऱ्या तक्त्यातही तिसऱ्या यंत्राची अवस्था अशीच झाली होती, आणि त्याचे इलेक्ट्रॉनिक भाग एकाच कंपनीकडून मिळणार होते. साहेब म्हणाले, "काठावरचं आहे ना? मग दुरुस्त करता येणारं घ्या."

हिशोबात मी एक चूक केली होती आणि ती पकडली लेखाधिकारी बाईंनी. विजेचा दर मी दरवर्षी वाढवत नेला होता, महागाई धरून. पण पुढचा पैसा आजच्या किमतीत आणताना वापरलेला दर महागाई वगळलेला होता. बाईंनी तक्त्यावर पेन्सिलीने गोल केला. "तुमची वीज महाग होतेय आणि तुमचा पैसा मात्र स्वस्त होत नाहीये, असं कसं?" दोन्हीकडे महागाई धरायची किंवा दोन्हीकडे सोडायची. एका बाजूला धरली की लांबच्या वर्षांची बचत फुगते आणि महागडं यंत्र उगाच जिंकतं. तिसरं यंत्र माझ्या पहिल्या तक्त्यात दिमाखात जिंकलं होतं ते याच कारणाने. बाईंशी त्या दिवसापासून माझं जमलं. त्याआधी आम्ही एकमेकींना फक्त पत्रं लिहायचो.

दुसरी अडचण मनाची होती. दोन वर्षांपूर्वीच जुन्या यंत्राच्या कॉम्प्रेसरवर मोठा खर्च झाला होता. 'एवढा खर्च करून आता बदलायचं?' असा सूर बैठकीत निघाला. पण तो पैसा गेला तो गेला. बदललं तरी परत येत नाही, ठेवलं तरी परत येत नाही. तक्त्यात त्याला रकानाच नाही. हे सांगायला सोपं आणि ज्याने त्या खर्चावर सही केली त्याच्यासमोर सांगायला अवघड. जुन्या यंत्रात आर-२२ वायू होता, हा मुद्दा शेवटी कामी आला. ओझोनच्या थराला घातक म्हणून मॉन्ट्रियल करारानुसार तो जगभर टप्प्याटप्प्याने बंद होतोय, त्यामुळे दर गळतीबरोबर तो भरून घेणं अवघड आणि महाग होत जाणार. त्याच्या जागी आलेल्या एचएफसी वायूंनाही २०१६ च्या किगाली दुरुस्तीने कात्री लावलेली आहे, म्हणून नव्या यंत्रात कोणता वायू आहे हा रकाना आम्ही तक्त्यात घातला. वीस वर्षांचा हिशोब करायचा आणि वायू दहा वर्षांत दुर्मीळ होणार असेल तर तो हिशोब कसला?

आता खरेदी. नियम म्हणत होता सगळ्यांत कमी किमतीची निविदा. मी हताश होऊन साहेबांकडे गेले की एवढं सगळं करून घ्यायचं पुन्हा स्वस्तातलंच. साहेबांनी नियम उघडला आणि विचारलं, "किंमत म्हणजे कोणती, हे यात कुठे लिहिलंय?" लिहिलेलं नव्हतं. मग निविदेतच सूत्र घातलं : बोलीची रक्कम, अधिक हमी दिलेल्या कार्यक्षमतेने वीस वर्षांत लागणाऱ्या विजेची आजची किंमत, अधिक देखभाल. ही बेरीज सगळ्यांत कमी ती निविदा पहिली. आणि चाचणीत हमी खोटी निघाली तर फरकाच्या वीस वर्षांच्या विजेइतका दंड.

टिपणीत आधार म्हणून इतर ठिकाणचे दाखले दिले, कारण पहिल्यांदा करणाऱ्याला फाईलवर सोबत लागते. युरोपीय संघाच्या २०१४ च्या सार्वजनिक खरेदी निर्देशात जीवनचक्र खर्चावर निविदा ठरवायला स्वतंत्र कलम आहे. अमेरिकेत केंद्र सरकारच्या इमारतींसाठी असा हिशोब बंधनकारक आहे आणि २००७ च्या कायद्याने त्याचा कालावधी २५ वर्षांवरून ४० वर्षांपर्यंत वाढवला. हे दाखले कोणी वाचले का माहीत नाही. पण त्यांच्यामुळे टिपणी जाड झाली, आणि जाड टिपणीला लोक घाबरून असतात.

बचतीतून पैसे फेडून घेणाऱ्या ऊर्जा सेवा कंपनीकडे काम द्यावं का, यावर दोन महिने गेले. आपल्याला आधी पैसा घालावा लागत नाही, हे आकर्षण मोठं. आम्ही सोडलं, कारण आमची 'आधीची' वीज किती होती यावरच एकमत होईना. सात वर्षं चुकीने चाललेला पंखा आधीच्या विजेत धरायचा की नाही? धरला तर मामांनी एक वायर काढून केलेल्या बचतीचे पैसे आम्ही कंपनीला दिले असते.

यंत्र बसलं. उद्घाटन झालं. महिन्याने मी लॉगर बघितला आणि चिल्ड वॉटरच्या, म्हणजे गार पाणी इमारतीत फिरवणाऱ्या, पंपांची रेषा पट्टीने आखल्यासारखी सरळ. भार वर-खाली होतोय, पंप मात्र ढिम्म. पंपाला वेग बदलणारे ड्राइव्ह घेतले होते, आणि ते घेण्याचं कारणच हे की पंपाची शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग ८० टक्क्यांवर आणला की शक्ती जवळपास निम्मी, ५१ टक्के. खाली जाऊन पाहिलं तर दोन्ही ड्राइव्ह आपोआप चालण्याऐवजी 'हँड'वर, पूर्ण वेगात, आणि पाणी जास्त होतंय म्हणून पुढची झडप अर्धी आवळलेली. गाडीचा ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून ब्रेकने वेग सांभाळण्यातला प्रकार. कंत्राटदाराचा माणूस म्हणाला, "ड्राइव्ह बसवलाय ना मॅडम, निविदेत लिहिल्याप्रमाणे." बसवला होता, हे खरं. ज्या दाबाच्या सेन्सरने त्याला वेग सांगायचा त्याची केबल खोक्यात होती. निविदेत 'पुरवणे व बसवणे' होतं. 'चालून दाखवणे' नव्हतं. पुढच्या प्रत्येक निविदेत मी ते घातलं आहे : सगळ्या ऋतूंत चाचणी, आणि अंतिम देयकातला मोठा वाटा तोवर रोखून.

एक फजितीही झाली. स्वच्छतागृहात माणसाच्या हालचालीवर चालणारे दिवे मी हौसेने बसवले. सेन्सर दारापाशी. आत बसलेला माणूस हलला तरी त्याला दिसायचा नाही. तिसऱ्या दिवशी एका ज्येष्ठ अधिकाऱ्यांनी अंधारातून मला फोन केला. सेन्सर छतावर, मधोमध हलवले.

वर्ष झाल्यावर बिल अपेक्षेएवढं उतरलेलं नव्हतं. लेखाधिकारी बाई, आता मैत्रीण असूनही, म्हणाल्या, "बचत कुठे आहे?" दोन कारणं होती. दरम्यान दुसऱ्या मजल्यावर एक नवं कार्यालय आलं होतं, साठ संगणकांसह, आणि उन्हाळा आदल्या वर्षापेक्षा कडक गेला होता. न वापरलेली वीज मीटरवर दिसत नाही; ती जुन्या परिस्थितीला आजचं हवामान आणि आजची माणसं लावून काढावी लागते. बचत मोजण्याच्या आयपीएमव्हीपी या आंतरराष्ट्रीय पद्धतीत संपूर्ण इमारतीच्या मीटरवरून असा हिशोब करायचा एक पर्याय आहे, तो आम्ही वापरला. समायोजन केल्यावर बरीच बचत सापडली. तरीही माझ्या टिपणीतल्या आकड्याइतकी नाही, आणि तो दोष पूर्ण माझा. संयंत्र सहाला बंद होईल असं मी धरलं होतं. प्रत्यक्षात एका दालनात आठपर्यंत बैठका चालायच्या आणि त्या एका दालनासाठी सगळं संयंत्र चालू राहायचं. तीन वर्षांची बिलं वाचली, इमारत टेपने मोजली, रात्री दोनला फिरले, पण संध्याकाळी सात वाजता मी कधी तिथे थांबलेच नव्हते. त्या दालनाला नंतर स्वतंत्र छोटं यंत्र दिलं.

मामा गेल्या वर्षी निवृत्त झाले. जाताना एक वही देऊन गेले. कुठली वायर कुठून कुठे जाते, कुठला व्हॉल्व्ह उलटा फिरतो, कुठल्या पॅनेलचं दार उघडताना खालून उचलावं लागतं. नियंत्रण प्रणालीचा पासवर्डही त्याच वहीत सापडला. कंत्राटदाराचा माणूस नोकरी सोडून गेला होता आणि आम्ही तीन आठवडे तो पासवर्ड शोधत होतो. मी वहीची टंकलिखित प्रत करून फाईलला लावली आणि तिला पृष्ठांक दिले.

मागच्या महिन्यात सहज लॉगर लावला. रात्रीची रेषा पुन्हा थोडी वर आलेली. चौथ्या मजल्यावर गेले, टायमरचं झाकण काढलं. आत दोन टोकं थेट जोडलेली होती. टेप काळी होती.